दुधीचं वाण

जालना,
ता. ६ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र जेवणाच्या सुट्टीत पॅकिंग हॉलमधल्या टेबलावर बसून लिहून राह्यले. अक्षर वाकडं आलं तर ते आनंदानं आलंय असं समज. फोनच करणार होते, पण तुझा डावा कान तापात गेलेला आणि उजवा आता वयानं मंदावलेला. तुला फोनवर सांगायचं तर इतकं ओरडावं लागतं की बातमी तुझ्याआधी गेटवरच्या मच्छिंद्रला कळते. म्हणून आपलं पत्रच बरं.

तर बातमी अशी, की यंदा संक्रांतीचं हळदी-कुंकू आमच्या बियाणे कंपनीत होणार. तेही कामाच्या वेळेत, हजेरी न कापता. आमचे प्लँट मॅनेजर बद्रीनाथ साहेब आज हो म्हणाले. आम्ही बासष्ट बाया आहोत. सवाष्ण, विधवा, टाकलेली, सोडून आलेली, बिनलग्नाची, सगळ्यांना कुंकू आणि सगळ्यांना वाण. ही अट मी घातली.

हे कशावरून निघालं ते सांगते. आमच्या तराजूच्या टेबलावर प्रांजली नावाची पोरगी बसते. वय सव्वीस. हात असा चलाख की पाकीट भरताना एक दाणा इकडचा तिकडे होत नाही. दिवाळीपासून तिचा हात तीनदा दारात सापडला. तिसऱ्या वेळी मी सगळ्यांसमोर विचारलं, की अगं, तुमच्या घराला दारं तरी किती. ती हसली. दुसऱ्या दिवशी कामाला आली नाही आणि तिसऱ्या दिवशी लांब बाह्यांचं ब्लाउज घालून आली.

मंग मी कंपनीच्या समितीकडे गेले. तिथं कळलं की समिती कामावरच्या त्रासासाठी आहे, घरचं घरी. मी साहेबांना म्हटलं, मार घरी बसतो हे खरं, पण तो हात सकाळी आपल्याकडेच येतो ना. तिसऱ्या दिवशी बोलावून साहेबांनी तीन गोष्टी कबूल केल्या. अशा कारणानं सुट्टी लागली तर नोकरीला धक्का नाही आणि चारचौघांत कारण विचारणं नाही. गेटवर कोणीही नातेवाईक आला तरी बाईला विचारल्याशिवाय आत नाही. आणि हॉलमध्ये एक साधा बटणांचा फोन राहील, तो मी किंवा माझ्या भरवशाची बाईच उचलेल.

आता हे बायांना कळवायचं कसं? साहेब म्हणाले, पोस्टर लावा. मी म्हटलं, पोस्टरपुढे उभी राहिलेली बाई संध्याकाळपर्यंत घरी कळते. म्हणून हळदी-कुंकू. फोनचा नंबर वाणाबरोबर घरी जायला पाहिजे, एवढंच ठरलंय. वाण काय द्यावं ते तू सांग. तीस वर्षं अंगणवाडी चालवलीस, बायांच्या पिशवीत काय टिकतं आणि काय नाही हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

भाऊ कल्याण गावी धावड्याला बरा आहे. हरभरा चांगला आलाय म्हणतो. लहानपणी तुझ्या उजव्या बाजूला कोणी बसायचं यावरून आमची मारामारी व्हायची, ती आठवून परवा दोघं हसलो. डावीकडे बसलेल्याला गोष्टच मिळायची नाही.

माया आहेच, उत्तर तेवढं जल्दी येऊ दे.

तुझी,
प्रियदर्शनी

*

राजूर,
ता. १२ जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. पत्त्यात तू माझ्या नावाआधी गं. भा. लिहिलं न्हाई, म्हणून पोस्टमन पुंजाराम दोनदा विचारून गेला की द्वारकाबाई तुम्हीच ना. मी म्हटलं, दुसरी कोण असेल तर तिला पण एक पत्र आणून दे.

आधी रागावते. त्या पोरीला चारचौघांत दारं विचारलीस, ते चुकलं. दाराचं नाव सांगणाऱ्या बाईला दाराबद्दल विचारू नये. तिला माहीत असतं की तुला कळलंय. तिला फक्त एवढं बघायचं असतं, की कळल्यावर तू काय करतेस. माझ्या अंगणवाडीत लेकरांचं वजन करायच्या दिवशी बाया आपोआप बोलायच्या. हात लेकरावर, नजर काट्यावर. डोळ्याला डोळा द्यावा लागत न्हाई, मंग जीभ सुटते. तुझ्याकडे तराजू आहेच. तिच्या शेजारी बस, पाकिटं भर आणि गप राहा.

आता वाण. स्टीलची वाटी देऊ नको, ती संध्याकाळपर्यंत सासूच्या मांडणीत जाते. रुमाल नणंद नेते. कागद खिशात सापडतो. आपल्या भागात एकच वस्तू अशी आहे जी कोणाच्याही घरात गेली तरी टाकली जात न्हाई. माणूस एकवेळ बायको टाकील, बी टाकायचा न्हाई. तुम्ही बियांच्या कंपनीत बसून मला वाण विचारता, म्हणजे कमालच आहे.

पाकिटाच्या मागं तक्रारीचा नंबर असतो, तिथं तुमचा नंबर छापा. काय आहे ते बायांना तोंडी सांगा. कोणाला काही कळायचं न्हाई.

मला हळदी-कुंकवाला बोलावू नको. तुझे मामा, माझे मालक, गेल्यापासून एकोणीस वर्षं मी कुठं गेले न्हाई आणि आता गेले तर बसायला गुडघे न्हाईत. गणपतीच्या देवळात तुझ्या नावानं दुर्वा वाहिल्या.

गूळ जपून खा, दाढ दुखते तुझी. आशीर्वाद रोजचाच आहे, तो पत्रातून वेगळा काय पाठवू.

द्वारकाआत्या

*

जालना,
ता. २५ जानेवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झालं. काल झालं. आणि असं झालं की आज सकाळपासून माझे पाय जमिनीला लागून न्हाई राह्यले.

तुझं पत्र बद्रीनाथ साहेबांना वाचून दाखवलं, बायको टाकण्याचं वाक्य सोडून. ते खूश झाले. गोदामात दुधी भोपळ्याच्या बियांची एक गोणी शिल्लक पडली होती, ती त्यांनी फुकट दिली. रविवारी आम्ही सहा जणी बसलो आणि दहा-दहा बियांची पाकिटं भरली. पुढं भोपळ्याचं चित्र. मागं तक्रारीच्या जागी हॉलचा नंबर आणि लॉट नंबरच्या जागी १८१. ती महिलांची सरकारी हेल्पलाइन. काल कुंकू लावताना प्रत्येकीच्या कानात दोन्ही नंबर सांगितले आणि साहेबांनी कबूल केलेल्या तीन गोष्टीही. काही जणी मान हलवून पुढं गेल्या. काही जणींनी परत विचारलं. एक म्हातारी सफाईवाली, तिला बारा वर्षांत कोणी कुंकू लावलं नव्हतं. ती म्हणाली, नंबर नको बाई, पण अजून एकदा लाव.

साहेब स्वतः तिळगूळ वाटत होते आणि बाया त्यांना मुद्दाम सांगत होत्या की साहेब, आता वर्षभर गोडच बोलायचं, टार्गेटचं नाव काढायचं नाही.

आता खरी गोष्ट. तू सांगितल्याप्रमाणे दहा दिवस मी प्रांजलीच्या शेजारी बसून पाकिटं भरली. दहा दिवस ती फक्त थंडीबद्दल बोलली. काल कार्यक्रमानंतर, काट्याकडे बघत, ती आपोआप सुरू झाली. नवरा करण रोलिंग मिलमध्ये आहे. तिचं एटीएम कार्ड त्याच्याकडे, फोन तो रोज उघडून बघतो. दारात हात सापडत नव्हता, दार तिच्या हातावर लावलं जात होतं. आत्या, मी तुझी शिकवण पाळली आणि काट्यावरची नजर काढली नाही. पण त्या वेळी पाकिटात किती बिया गेल्या ते मला माहीत नाही.

तिनं एकच विचारलं. मी निघून आले तर ही जागा राहील का? ही म्हणजे तराजूच्या टेबलामागची. मी हो म्हटलं आणि आज साहेबांकडून तसं लिहून, सही-शिक्का घेऊन ठेवलंय. तिनं वाणाचं पाकीट पिशवीत सगळ्यात वर, दिसेल असं ठेवलं. म्हणाली, विचारलं तर सांगेन परसात लावायचंय.

सोबत तुझं वाण पाठवतेय. एकोणीस वर्षांचं राहिलेलं आहे असं समज. तू आली नाहीस म्हणून ते चुकणार नाही. लाव आणि वेल मांडवावर गेला की कळव.

कायमची तुझ्या उजव्या बाजूची,
प्रियदर्शनी

*

राजूर,
ता. ४ फेब्रुवारी २०२५, रथसप्तमी

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ. वि. वि.

वाण मिळालं. डोळ्याला लावलं. थोडं रडले पण, ते असू दे.

मंग त्या दहा बिया ओल्या फडक्यात बांधून पिठाच्या डब्यात ठेवल्या. आज नववा दिवस. दहापैकी एकीला मोड आलाय आणि तोही असा की आलो काय, न आलो काय. थंडीचं नाव सांगू नको, पिठाचा डबा उबदार असतो. पोरी, तुझं बी म्हातारं आहे. गोणीवरची तारीख बघितलीस का? बियांच्या कंपनीत नोकरी करतेस आणि गोदामात शिल्लक का पडलंय एवढं विचारत न्हाईस. फुकट मिळालं म्हणून उचललंस.

हसण्यावारी नेऊ नको. पुढचं बघ. बासष्ट घरांत पाकीट गेलं. बासष्ट घरांत ते पेरलं जाणार, कारण बी कोणी ठेवून देत न्हाई. बासष्ट घरांत उगवणार न्हाई. आणि बी उगवलं न्हाई की आपला माणूस काय करतो? पाकीट उलटं करतो आणि मागच्या नंबरावर फोन लावतो. मीच तुला नंबर तिथं छापायला सांगितला, तेव्हा अर्धी शिक्षा माझी.

प्रांजली कामावर येते का? हे आधी लिहायला पाहिजे होतं. येते का ते कळव.

तू माझी आहेस, म्हणून चुका पण माझ्याच धरते.

द्वारकाआत्या

*

जालना,
ता. १० फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा फोन वाजायला लागून दोन दिवस झाले होते. गोणीवरची तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली. उगवण तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली पायल आमच्या हॉलपासून वीस पावलांवर बसते आणि मी तिला विचारलं नाही. ती कपाळाला हात लावून म्हणाली, ताई, तुम्ही वाण दिलं का वाळवण?

कालपर्यंत भोपळ्याचे एकेचाळीस फोन आले. एकेचाळीसही पुरुषांचे. कोणी विचारतो पाणी किती द्यायचं, कोणी म्हणतो बोगस बी विकता, तालुक्याला कृषी अधिकाऱ्याकडे जातो. बाईचा आवाज ऐकून एक आजोबा म्हणाले, पोरी, तुझ्यानं व्हायचं नाही, मोठ्या साहेबाला दे. मी मोठ्या साहेबाला दिला. बद्रीनाथ साहेब अर्धा तास भोपळ्याची माफी मागत होते. गेटवर मच्छिंद्रनं तर आल्या-गेल्याला सांगायला सुरुवात केलीय की भोपळ्याचं असेल तर आत जा, बाकीचं असेल तर बसा.

पण आत्या, हे सगळं मी हसत लिहून राह्यले ते पुढचं लिहायला धीर यावा म्हणून. प्रांजली नऊ दिवसांपासून आलेली नाही. तिचा फोन बंद. करणनं शेजारी सांगितलं की ती माहेरी गेलीय. आणि परवा हॉलच्या फोनवर तिची आई वच्छलाबाई बोलली. नंबर लेकीनंच तिला हळदी-कुंकवानंतर पाठ करून दिला होता. ती विचारत होती, माझी लेक कामावर बरी आहे ना.

मी त्याच दिवशी १८१ ला फोन केला. त्यांनी जिल्ह्याच्या संरक्षण अधिकारी बाईंशी गाठ घालून दिली. त्या म्हणाल्या, आम्ही गाडी आणि महिला पोलीस घेऊन येतो. जिवाला धोका दिसला तर थांबणार नाही. पण ती सज्ञान आहे, निघायचं की नाही हे तिच्याच तोंडून यायला पाहिजे, आणि नवऱ्यासमोर विचारलं तर ती नाही म्हणेल. तिला एकटीला गाठायचं कसं, यावर आम्ही दोघी काल दुपारभर डोकं चालवत होतो.

आणि आज सकाळी बेचाळिसावा फोन आला. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मी ऐकत राहिले. करण. परसात दहापैकी आठ बिया लावल्या, एकही उगवली नाही, कंपनीचा माणूस पाठवा, नाहीतर सोडणार नाही. आत्या, त्याच्याच तोंडानं त्यानं आम्हाला बोलावलं. तक्रार आली की जागेवर जाऊन बघायचं आणि पंचनामा लिहायचा, हा आमचा नेहमीचा रिवाज. मी म्हटलं, उद्या अकराला येतो.

पायल आणि मी जाणार. अधिकारी बाईंची गाडी गावाबाहेरच्या वळणावर थांबणार. मला भीती वाटते आणि आनंदही होतो आणि दोन्ही एकाच जागी होतात, छातीच्या मधोमध. हे पत्र तुला मिळेल तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. तरी लिहिते, कारण तुला सांगितल्याशिवाय मी आजवर कुठल्या परीक्षेला गेले नाही.

पाठीवर हात असू दे.

प्रियदर्शनी

*

राजूर,
ता. १४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

पत्र काल मिळालं. काल आणि आज मिळून तुला तीनदा फोन लावला. तू उचललास, काहीतरी बोललीस, मला नुसता खरखर आवाज आला. शेजारच्या पोरीला ऐकायला सांगता आलं असतं, पण ही बातमी तिसऱ्या कानाची न्हाई. पुंजारामला दोनदा विचारून आले. आता बसून राहवत न्हाई म्हणून लिहिते, आणि जे कधी लिहिलं न्हाई ते लिहिते.

माझा डावा कान तापात गेला न्हाई. अठ्ठ्याऐंशी साली तालुक्याला अंगणवाडीची मीटिंग होती, यायला उशीर झाला. तुझे मामा दारात उभे होते. एकच मारली. कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं आणि ती शिट्टी थांबली तेव्हा सगळंच थांबलेलं होतं. तुझ्या आजीनं तापाचं सांगायला सांगितलं. मी सांगितलं. पुढं सगळ्यांनी तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या पर्यवेक्षिका बाई तपासणीला आल्या. हुशार बाई. दोन वेळा हाक मारूनही मी बघितलं न्हाई, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, गालाकडे बघितलं. मंग उठल्या, आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या बाजूला ठेवली आणि हजेरीचं विचारलं. किती वर्षं मला वाटायचं, केवढी माया केली त्या बाईनं. काही न विचारता समजून घेतलं.

म्हातारपणी वाटायला लागलं, की तिला समजलं होतं आणि तिनं खुर्ची फिरवली. तेवढंच केलं. तुम्ही सगळे पण लहानपणापासून माझ्या उजवीकडे बसत आलात. तुमची चूक न्हाई, तुम्हाला ताप सांगितला होता. पण मी मार खाल्ला आणि घरानं फक्त बसायची जागा बदलली.

म्हणून सांगते. तू खुर्ची फिरवून थांबू नको. ती बाहेर आली असेल तर तिला ठेवणार कुठं? माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एक मोकळी. राजूरहून जालन्याला सकाळची एस.टी. बराबर मिळते. बायांच्या सरकारी केंद्रात ती किती दिवस राहील? इथं घेऊन ये. घेऊन आली नसशील तरी ये, मंग दोघी मिळून पुढचं बघू.

वाट बघते.

द्वारकाआत्या

*

जालना,
ता. १७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

ती बाहेर आली. हे वाक्य सगळ्यात आधी, म्हणजे तुला खाली शोधत जावं लागणार नाही. फोनवर मी हेच तीनदा ओरडले होते. मधले दिवस दवाखाना, ठाणं आणि केंद्र यांतच गेले, त्यात आज तुझं पत्र आलं.

मंगळवारी अकराला आम्ही पोचलो. करण अंगणात खुर्ची टाकून बसला होता, जणू मंत्रीच येणार होता. चहा सांगितला. चहा आतून आला तो एका हातानं दाराच्या फटीतून पुढं सरकवलेला. बांगड्या नव्हत्या त्या हातात.

परसात आठ आळी. पायल खाली बसली, बोटानं एकेक बी उकरून तळहातावर घेतलं, दाबलं, वास घेतला, वहीत लिहिलं. तिला नाटक करायची गरजच नव्हती, बी खरंच मेलेलं होतं. करण बोलत होता की एवढं पाणी घातलं, एवढं शेणखत घातलं. मग पायलनं शांतपणे विचारलं, पेरलं कोणी. तो म्हणाला, बायकोनं. पायल म्हणाली, मग तिचं म्हणणं लागेल, पेरणाऱ्याच्या सहीशिवाय पंचनामा पुरा होत नाही. हा नियम खरा आहे आत्या, आम्ही शोधलेला नाही. त्यानं हाक मारली.

आली. दहा दिवसांत एवढं वाळतं का माणूस? उजवा हात फडक्यात बांधलेला. मला बघितलं आणि ओळख दाखवली नाही. मीही नाही. करणनं मला कधी बघितलेलं नव्हतं. मी वही घेऊन ओट्यावर बसले, नाव, वय, पेरणीची तारीख विचारू लागले. पायल करणला म्हणाली, शेजारच्या वाफ्यात तुमची वांगी बघू, मातीचा दोष आहे का ते कळेल. आणि तो गेला. बियांच्या बाबतीत तो बिलकुल आपल्यासारखाच माणूस निघाला, मातीचा दोष म्हटल्यावर राहवलं नाही त्याला.

वीस पावलं लांब असेल. मी वहीवरची नजर काढली नाही. म्हटलं, जागा ठेवलीय, लिहून घेतलंय. गाडी वळणावर आहे. ती माझ्या पेनाकडे बघत होती. वांग्यापाशी पायल मोठमोठ्यानं चुन्याबद्दल बोलत होती.

मग ती म्हणाली, “ताई, लिहा. मला यायचंय.”

मी पंचनाम्याच्या कागदावर खरंच लिहिलं. तिनं डाव्या हातानं सही केली. मी खिशातल्या खिशात ठरलेला मिस कॉल दिला. ती आत गेली आणि ज्वारीच्या डब्यातून आधार कार्ड आणि पासबुक काढून, कमरेला खोचून बाहेर आली. दारात उभी राहिली नाही, सरळ अंगण ओलांडून रस्त्यावर गेली. तोवर गाडी आली होती.

करणला आधी कळलंच नाही. अधिकारी बाई आणि महिला पोलीस उतरल्या तेव्हा तो त्यांना म्हणाला, बरं झालं, तुम्ही पण बघा, यांनी मेलेलं बी दिलंय. मग कळलं, मग आरडाओरडा झाला, तो मी लिहीत नाही. त्यातही मधेच तो म्हणाला, आधी माझ्या भोपळ्याचं काय ते सांगा.

हाताचं हाड मोडलेलं निघालं. प्लास्टर आहे. तक्रार नोंदवली, तिनं स्वतः सांगितली, मी फक्त पाण्याची बाटली धरून बसले होते. वच्छलाबाई येऊन लेकीला भेटून गेल्या. माहेरचं गाव करणच्या पायाखालचं, म्हणून तिला तिकडे जायचं नाही. मच्छिंद्रनं करणचा फोटो गेटच्या केबिनमध्ये आतल्या बाजूनं चिकटवलाय. साहेबांनी विचारलं, एका हातानं तराजू जमेल का. ती म्हणाली, डाव्या हातानं पण दाणा मोजता येतो साहेब.

आता तुझं पत्र. जिन्यात बसून वाचलं. दोनदा वाचलं. कल्याणला फोन करून वाचून दाखवलं. तो म्हणाला, आपण उजव्या बाजूसाठी भांडायचो.

मला यावर नीट काही लिहिता येत नाही. तू घातलेल्या शपथेसारखं एवढंच धरते, की खुर्ची फिरवून थांबायचं नाही. तिला तुझ्याकडे ठेवता येईल का ते मी अधिकारी बाईंना विचारलं, त्यांनी चौकशी करून हो म्हटलं, आणि मी तुझं पत्र प्रांजलीच्या हातात दिलं. म्हटलं, वाचून तूच ठरव. तिला तुला स्वतः लिहायचंय. अक्षराला हसू नको, डाव्या हाताचं आहे.

तुझ्यावर मी आधीपासूनच गेलेय, आता जास्तच.

प्रियदर्शनी

*

जालना,
ता. २१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्याबाईंस,
प्रांजलीचा सा. न. वि. वि.

तुमची माझी ओळख न्हाई. पण तुम्ही ताईला सांगितलं म्हणून ताई माझ्या शेजारी येऊन दहा दिवस गप बसली, हे मला ताईनं सांगितलं. मला तेव्हा वाटायचं, ही बाई बोलत का न्हाई. आता कळलं.

रविवारी सकाळच्या गाडीनं येऊन राह्यले. सोमवारपासून तिथूनच कामाला जाईन. माझं सामान म्हणजे एक पिशवी आहे. स्वयंपाक एका हातानं जमेल तेवढा करीन, भाकरी मात्र तुम्हाला थापावी लागेल, प्लास्टर निघेपर्यंत. माझे आईवडील मेंढरांमागं हिंडलेले आहेत, मला कुठंही झोप लागते, काळजी करू नका. घाबरले की मी थोडी जास्त बोलते, हे पण आधी सांगून ठेवते.

येताना दुधीचं नवीन पाकीट आणते. यंदाच्या लॉटचं आहे. पायलताईनं ओल्या कागदात ठेवून माझ्यासमोर तपासलं, दहापैकी नऊ उगवल्या. दहावं पण उद्यापर्यंत येईल म्हणतात. कंपनीनं बासष्ट घरांना नवीन पाकिटं बदलून दिली. नंबर तोच ठेवलाय. फोन आता पण वाजतो आत्याबाई. पण या आठवड्यात तीन बायांचे आले. एकीशी तर मीच बोलले.

तुमचं पत्र मी वाचलं. ताईला विचारलं की तुमच्या कुठल्या बाजूला बसायचं. ताई म्हणाली, उजवीकडे. मंग मी विचार केला. बाजूला बसलं की ऐकू येतं, पण एकमेकीचं तोंड दिसत न्हाई. मी तुमच्या समोर बसेन. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघा, मी हळूच बोलेन, तुम्हाला सगळं कळेल.

मांडवासाठी चार काठ्या तेवढ्या बघून ठेवा. बाकी माया लावायची की न्हाई ते मला बघून ठरवा.

तुमच्याकडे येणारी,
प्रांजली